पुडीत काय आहे, ते तरी सांगा

मोठी पोस्ट आहे. चाकण, भोसरी, तळवडे, म्हाळुंगे भागात कामाला असाल, किंवा घरातलं कुणी असेल, तर वेळ काढून वाचा.

आमचे दाजी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला आहेत. कॉन्ट्रॅक्टवर. आठ तास उभं राहून पार्ट उचलायचे, बिनमध्ये टाकायचे, वाकायचं, परत उचलायचं. ओव्हरटाइम असला तर बारा तास. वय सत्तेचाळीस. तीन वर्षांपासून गुडघा आणि कंबर. सुरुवातीला मेडिकलमधून सुट्ट्या गोळ्या आणायचे, त्यानं पित्त व्हायला लागलं. मग कुणीतरी गेटवर पुडी विकणाऱ्याचा पत्ता दिला. "झाडपाल्याचं आहे, साईड इफेक्ट नाही, शंभर टक्के आयुर्वेदिक." महिन्याच्या साठ पुड्या, सकाळ-संध्याकाळ. पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, काही नाही. नुसता घडी घातलेला कागद.

दोन दिवसांत गुडघा थांबला. दोन दिवसांत! ताईनं मला फोन करून सांगितलं, "दाजी जिने चढून आले रे." मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. लाईनवरच्या चार जणांना दाजींनीच पत्ता दिला.

आठ-नऊ महिने असेच गेले. दिवाळीत भेटलो तेव्हा चेहरा गोल गरगरीत झालेला. आम्ही म्हटलं, दाजींना चाकण मानवलं. पोट सुटलं होतं, पण दंड-मांड्या उतरलेल्या. हाताला जरा कुठं लागलं की काळं-निळं व्हायचं. भूक वाढली होती. हे सगळं आम्ही बघत होतो आणि हसत होतो. मग पुडीवाला पंधरा दिवस आलाच नाही. पुड्या संपल्या. सहाव्या दिवशी दाजी सेकंड शिफ्टला कँटीनच्या रांगेत चक्कर येऊन पडले. बीपी एकदम खाली, उलट्या, अंगात त्राण नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तोंडाकडे बघूनच पहिला प्रश्न विचारला, "कसली पुडी खाताय?" दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेऊन कॉर्टिसोल तपासलं, ते तळाला गेलेलं. साखर वाढलेली, जी आधी कधीच नव्हती. बाईंनी समजावून सांगितलं ते असं: आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज शरीराला लागेल तेवढं स्टेरॉइड तयार करतात. बाहेरून महिनोन्‌महिने स्टेरॉइड येत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. मग बाहेरचं अचानक बंद झालं की शरीराकडे काहीच उरत नाही. आणि उपचार काय? तर स्टेरॉइडच. मोजून दिलेलं, हळूहळू कमी करत नेलेलं.

म्हणून सगळ्यात आधी हे. तुमच्या घरात कुणी अशी पुडी किंवा बिननावाची गोळी महिनोन्‌महिने घेत असेल, तर ही पोस्ट वाचून ती उद्या सकाळी एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, लपवू नका. बाकीचं वाचन नंतर केलं तरी चालेल.

आता मुद्द्यावर येतो. दाजींचा प्रकार ऐकून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गट पडले. एक गट म्हणाला, बघा, म्हणून आम्ही सांगतो की आयुर्वेद सगळा थोतांड. दुसरा म्हणाला, ही आयुर्वेदाची बदनामी आहे, खऱ्या वनस्पतीनं असं होतच नाही. मला दोन्ही पटत नाही. मी काही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही, मेंटेनन्सचा माणूस आहे. पण मशीन बिघडलं की आम्ही आधी बघतो आत काय बसवलंय. त्या सवयीनं थोडं वाचलं, विचारलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

आमची आई औसा तालुक्यातली. गुडघा धरला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायची, फडक्यात बांधून शेकायची. या झुडपाला निगुडी, निगडी अशीही नावं आहेत. मी रोज निगडीवरून बस धरतो आणि दर वेळी तो वास आठवतो. आई येडी नव्हती. निर्गुडीच्या पानांत सूज कमी करणारी द्रव्यं असल्याचं प्रयोगशाळेत, उंदरांवर वगैरे, बऱ्याचदा दिसलेलं आहे. आता शेकानं बरं वाटायचं ते पाल्यानं किती आणि उबेनं किती, हे आईनं वेगळं मोजलं नव्हतं. मोजायची तिला गरजही नव्हती. पाला फुकट होता आणि पोटात जात नव्हता.

पोटात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातलं सगळ्यात नीट तपासलेलं नाव म्हणजे शल्लकी. हे सालईच्या झाडाचं. सातपुड्यात, मेळघाटात हे झाड आहे, खोडाला चीर दिली की डिंक येतो आणि धुपासारखा वास सुटतो. त्या डिंकात बोस्वेलिक आम्लं असतात. शरीरात सूज येते तेव्हा पेशी एकाच कच्च्या मालापासून दोन वाटांनी सूज वाढवणारी रसायनं तयार करतात. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन वगैरे आपल्या नेहमीच्या गोळ्या एक वाट अडवतात. बोस्वेलिक आम्लं दुसरी वाट अडवतात, हे जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. म्हणजे पूर्वजांनी सांगितलं म्हणून खरं, असं म्हणून सोडून द्यायची गरज नाही. आत नेमकं काय आहे आणि ते कुठं जाऊन बसतं, हे माहीत आहे. माणसांवरच्या चाचण्यांतही गुडघ्याच्या झिजेत शल्लकीनं दुखणं थोडं कमी होतं असं दिसलंय. थोडं. आणि आठवड्यांनी, महिन्यांनी.

हे "आठवड्यांनी" लक्षात ठेवा. झाडाचं औषध दोन दिवसांत जिना चढवत नाही. दोन दिवसांत जिना चढलात, तर पुडीत झाड सोडून दुसरं काहीतरी आहे असं धरून चाला. दाजींच्या वेळी आम्हाला एवढंच कळलं असतं तरी पुष्कळ होतं.

आणि हे काही फक्त आपल्याकडचं गावठी प्रकरण नाही. अमेरिकेत 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीच्या गोळ्या विकल्या जात होत्या, नैसर्गिक म्हणून. २०२२मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं तपासल्या, तर आत डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन. दोन्ही लेबलवर नाहीत. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. तिथंही लोकांची यकृतं खराब झाली, ग्रंथी बंद पडल्या, मृत्यूच्या तक्रारीही आल्या. युक्ती सगळीकडे एकच आहे. नाव झाडाचं, काम स्टेरॉइडचं.

ही युक्ती चालते कशावर? "झाडपाल्याला साईड इफेक्ट नसतो" या एका वाक्यावर. हे वाक्य आपण सगळेच बोलतो, मीही बोललोय. या वाक्यामुळे माणूस पुडीत काय आहे हे विचारत नाही, डॉक्टरला सांगत नाही, तोंड सुजलं तरी पुडीवर संशय घेत नाही. जे खरोखर काम करतं त्याचा कुठंतरी दुसरीकडेही परिणाम होणारच. शरीरात काही फरक पाडायचा आणि दुसरीकडे अजिबात काही करायचं नाही, असं यंत्र मी अजून बघितलेलं नाही.

याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा. यांनी १९९६पासून सोलापूर रोडवरच्या भिगवणला घरोघरी जाऊन कुणाचं काय दुखतं याची पाहणी केली. प्रौढांमध्ये शेकडा १८ जणांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. हे गावातलं, तेव्हाचं. आपल्या लाईनवर अशी पाहणी केली तर आकडा किती येईल, तुम्हीच बघा. पुढे केंद्राच्या सीएसआयआरच्या एका मोठ्या योजनेत आयुर्वेदिक औषधांची गुडघ्याच्या झिजेवर रीतसर चाचणी झाली. त्यात चोप्रांबरोबर आयुर्वेदाची माणसंही होती. ४४० रुग्ण, २४ आठवडे, चार गट. दोन गटांना आयुर्वेदिक मिश्रणं, ज्यांत सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी अशी द्रव्यं. एका गटाला ग्लुकोसामिन. एका गटाला सेलेकॉक्सिब ही चांगली पेनकिलर. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. २०१३मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुर्वेदिक मिश्रणं दुखणं कमी करण्यात सेलेकॉक्सिबच्या बरोबरीची ठरली.

अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. व्हॉट्सॲपवर आयुर्वेदाच्या नावानं शंभर खोट्या बातम्या फिरतात, ही खरी कधी फिरली नाही. कारण हिचा पुढचा भाग फॉरवर्ड करायला कुणाला आवडत नाही. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, वाढलेला निघाला. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता. सात जणांना चाचणीतून बाहेर काढलं, औषध थांबवलं, आकडा पुन्हा खाली आला. हे कळलं कशामुळे? दर काही आठवड्यांनी रक्त तपासत होते म्हणून. गेटवरच्या पुडीवाल्याकडे रक्त कोण तपासतं?

२०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनीही करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नक्की गुळवेलच होती का, असा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता, मी म्हणतो. पण तोच प्रश्न बाजारातल्या प्रत्येक चूर्णाला विचारा की मग. रुग्ण आजारी पडल्यावरच वनस्पतीची ओळखपरेड कशाला?

हळदीचंही तेच. हळदीतल्या कर्क्युमिनवर जगभर हजारो पेपर निघालेत. पण नुसतं खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. मिऱ्यातलं पिपेरिन सोबत दिलं की कितीतरी पट जास्त उतरतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवलं. म्हणून आता कॅप्सूलमध्ये दोन्ही घालतात. चांगलं आहे, पण मग ती भाजीतली हळद राहत नाही, ते औषध होतं. इटलीत २०१९मध्ये अशा कर्क्युमिनच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या केसेस निघाल्या तेव्हा तिथल्या सरकारनं पाकिटावर इशारा छापायला लावला. वरणातल्या चिमूटभर हळदीला कुणी काही म्हटलं नाही, आणि म्हणायचं कारणही नाही.

थोडं मागे जातो. हळदीच्या पेटंटची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. डॉ. माशेलकर तेव्हा पुण्याच्या एनसीएलमधून नुकतेच सीएसआयआरला गेले होते. त्यांनी लढून ते १९९७मध्ये रद्द करून घेतलं. आपण भाषणात हे सांगतो आणि टाळ्या वाजवतो. पण लढाई जिंकली कशी? "आमची आजी लावायची" एवढं म्हणून पेटंट रद्द झालं नाही. जुने ग्रंथ काढले, १९५३चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला छापील लेख काढला, कागद समोर ठेवले. लिहिलेलं होतं म्हणून जिंकलो.

आणि हे सगळं मी पिंपरीत बसून लिहितोय, जिथं १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. इथल्याच मातीतून तिथल्या शास्त्रज्ञांनी एक सूक्ष्मजीव शोधला, त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्यातून बुरशीवरचं हॅमायसिन काढलं. आपल्या गावाचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं ते असं. मातीतून औषध काढायचं, शुद्ध करायचं, मोजायचं, डोस ठरवायचा, मग बाटलीत भरायचं. त्याच पिंपरीपासून तासाभरावर आज माणसं बिननावाच्या कागदातलं चूर्ण जिभेवर टाकून शिफ्टला जातात.

झाडाचं औषध आणि कंपनीची गोळी या दोन वेगळ्या जाती आहेत असं आपल्या डोक्यात बसलंय. ॲस्पिरिन कुठून आलं? विलोच्या सालीवरून. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतो ना, त्याच कुळातलं झाड. सालीतलं द्रव्य ओळखलं, त्यापासून बनवलेलं आम्ल पोटाला सोसेना, म्हणून १८९७मध्ये बायरच्या प्रयोगशाळेत त्यात बदल केला. आणि आज ॲस्पिरिननं पोटात रक्तस्राव होऊ शकतो हे पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यामुळे ॲस्पिरिनची बदनामी झाली असं कुणी म्हणत नाही.

कायद्याचं काय, असं विचाराल. कायदा आहे. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, आत काय आहे ते, एवढं पाहिजेच. म्हणजे दाजींची पुडी मुळात बेकायदेशीरच होती. जाहिरातींचाही कायदा आहे, तोही १९५४चाच. त्यात ज्या आजारांवर "हमखास इलाज" अशी जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि संधिवात त्या यादीत आहे. आता चाकण-तळेगाव रस्त्यानं जाताना भिंती बघा. २०१८मध्ये नियम १७० आला होता, आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याची मंजुरी घ्या म्हणून. २०२३मध्ये मंत्रालयानं राज्यांना सांगितलं, त्याखाली कारवाई करू नका. जुलै २०२४मध्ये नियमच काढून टाकला. सुप्रीम कोर्टानं ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली आणि वर्षभरानं प्रकरण बंद झालं तेव्हा स्थगितीही गेली. एवढा खेळ, आणि जो नियम गेला तो एवढंच म्हणत होता की आधी विचारा.

आयुर्वेदाच्या खऱ्या वैद्यांनी यात सगळ्यात पुढे असायला पाहिजे होतं असं मला वाटतं. पुडीवाला नाव त्यांचंच वापरतो. चिंचवडमध्ये एक वैद्य आहेत ओळखीचे. ते म्हणाले, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार असते की तुमचं औषध त्या पुडीसारखं लागू पडत नाही. प्रामाणिक माणसाचा धंदा असा बसतो.

आता मागणी काय? अन्न व औषध प्रशासनाला सणासुदीला खव्याचे आणि तेलाचे नमुने घेता येतात. तसे वर्षातून चार वेळा एमआयडीसीच्या गेटवरचे, आठवडे बाजारातले सांधेदुखीच्या पुड्यांचे नमुने घ्या. स्टेरॉइड आणि पेनकिलर, दोनच गोष्टी तपासा, आणि निकाल नावानिशी जाहीर करा. कंपन्यांची वार्षिक तपासणी होते, वजन-उंची-डोळे. त्यात एक प्रश्न वाढवा, "दुखण्यावर काय घेता?" आणि त्या उत्तरामुळे कुणाचं काम जाणार नाही हे लिहून द्या, नाहीतर कुणी खरं सांगणार नाही. साखर आणि क्रिएटिनिन तपासा. मेडिकलमधून रोज डायक्लोफिनॅक आणून खाणाऱ्यांची मूत्रपिंडंही त्याच रांगेत आहेत, हे विसरून चालणार नाही. (हेच डायक्लोफिनॅक गुरांना दिल्यानं गिधाडं संपत आली, म्हणून २००६मध्ये जनावरांसाठी बंद झालं. माणसाला अजून चिठ्ठीशिवाय मिळतं.) हे सगळं कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला धरून करा, नुसत्या पर्मनंटवाल्यांना नको. पुड्या खाणारा बहुतेक करून कॉन्ट्रॅक्टचाच असतो. दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगार कापला आणि ठेकेदाराच्या तोंडाला तोंड. पुडी गेटवर मिळते, शिफ्ट सुटल्यावर. म्हणून ती खपते.

आणि एक कडू गोष्ट. दाजींचा गुडघा झिजला तो प्रेसपुढं. एका मिनिटात किती पार्ट, हे ठरवणाऱ्या माणसानं कधी त्या जागेवर आठ तास उभं राहून बघितलेलं नाही. उंची बदलणारी ट्रॉली ठेवली, दर दोन तासांनी जागा बदलून दिली, तर किती पुड्या वाचतील याचा हिशेब करायला शल्लकीही लागत नाही आणि सेलेकॉक्सिबही नाही. पण तो खर्च कंपनीच्या खात्यात जातो, आणि पुडीचा दाजींच्या.

दाजी आता बरे आहेत. चेहरा उतरलाय, साखरेची गोळी चालू आहे, स्टेरॉइड अजून थोडं घ्यावं लागतं, दर महिन्याला कमी होतंय. गुडघा दुखतोच. डॉक्टरबाईंनी व्यायाम दिलाय, वजन कमी करायला सांगितलंय. शल्लकीबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, लेबल असलेली घ्या, मला दाखवून घ्या, दोन महिन्यांनी यकृताची तपासणी करू. मला हे उत्तर आवडलं.

ज्या चार जणांना दाजींनी पुडीवाल्याचा पत्ता दिला होता, त्यांतल्या तिघांना त्यांनी स्वतः फोन करून दवाखान्यात पाठवलं. चौथा काम सोडून गेलाय, नंबर लागत नाही. बुलढाण्याकडचा आहे, निघोजेला खोली करून राहायचा, उजव्या खांद्याचं दुखणं होतं. ओळखीचा वाटला तर त्याला हे वाचून दाखवा आणि दाजींना फोन करायला सांगा.